ठिपक्यांचा ताप माणसाला होतो, पण राहतो कुठे?

अमेरिकेतील मोंटाना राज्यात बिटररूट नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नदीच्या खोऱ्यात वस्ती करून राहणाऱ्यांना एका विचित्र तापाने गाठले. डोंगरावरचे बर्फ वितळू लागले की माणसे तापाने फणफणत, दोन-चार दिवसांत मनगटांवर आणि घोट्यांवर तांबडे ठिपके उमटत, ते अंगभर पसरून काळपट होत आणि आजारी पडलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक माणसे दगावत. लोक त्याला ‘काळा गोवर’ म्हणत. सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की हा ताप जवळजवळ नदीच्या पश्चिम काठापुरताच होता. पूर्वेकडे तशीच कुरणे होती, तशीच गुरे होती, तशीच माणसे होती आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, त्याच जातीचे गोचीडही होते. ताप मात्र क्वचितच येई. पश्चिमेकडच्या दऱ्यांतून येणारे बर्फाचे पाणी प्यायल्याने हा रोग होतो, अशी तेथे समजूत होती, आणि त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती पाहता ती अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही.

या कोड्याचे पटण्याजोगे उत्तर मिळेपर्यंत १९८१ साल उजाडले. एवढा उशीर का झाला, हे समजून घेतले तर या रोगावरचे संशोधन नेमके कशाचा शोध घेते हे कळते. हा ताप माणसाला कसा होतो, हा त्यातला सोपा प्रश्न आहे. माणसाला झालेला नसतो तेव्हा तो कुठे असतो, हा खरा अवघड प्रश्न आहे.

सोप्या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. शिकागो विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ मध्ये आजारी गिनीपिगच्या अंगावर एक गोचीड लावून त्याला रक्त पिऊ दिले, नंतर तोच गोचीड निरोगी गिनीपिगला लावला, आणि तो गिनीपिगही तापाने आजारी पडला. रोग गोचिडामुळे पसरतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे त्यांनी असेही दाखवले की बाधित मादी गोचिडाच्या अंड्यांमध्येही रोगाचा अंश उतरतो, म्हणजे जन्माला येणारे पिल्लू एक थेंबही रक्त पिण्याआधीच बाधित असू शकते. रोगाचे सूक्ष्म दंडाकृती जंतूही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९१० मध्ये मेक्सिको सिटीत टायफस या जवळच्याच रोगाचा अभ्यास करताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. या जिवाणूंच्या गटाला १९१६ मध्ये ‘रिकेट्सिया’ हे नाव मिळाले, ते त्यांच्या स्मरणार्थ.

ठिपक्यांचा ताप हा एकच रोग नाही, तर एकमेकांशी जवळचे नाते असलेल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांचे ते एक कुटुंब आहे. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आढळणारा ‘रिकेट्सिया रिकेट्सी’ हा त्यांतला सर्वांत घातक मानला जातो. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात ‘रिकेट्सिया कोनोरी’ आढळतो. त्याच्या तापाचे पहिले वर्णन १९१० मध्ये ट्युनिस येथून झाले, आणि भारतात होणाऱ्या गोचीड तापामागे याच कोनोरीची ‘इंडिका’ ही उपजात आहे. आफ्रिकेत ‘आफ्रिकी’, जपानमध्ये ‘जॅपोनिका’, अशी ही यादी वाढत जाते. स्क्रब टायफस हा मात्र या कुटुंबाबाहेरचा रोग आहे. त्याचा जंतू वेगळा आहे आणि तो गोचिडामुळे नव्हे, तर माइट या अगदी बारीक कीटकसदृश जिवाच्या पिल्लाच्या चाव्याने होतो. दोन्ही रोगांची लक्षणे आणि औषधे बरीच सारखी असल्यामुळे बोलण्यात त्यांची गल्लत होते. संशोधनात ती परवडत नाही.

रिकेट्सिया हा जिवाणू असला तरी त्याची राहणी विषाणूसारखी आहे. तो प्रयोगशाळेतल्या साध्या पोषक द्रव्यावर वाढत नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पेशीत राहिल्यामुळे त्याने स्वतःची बरीच जनुके गमावली आहेत आणि अनेक गोष्टी तो आयत्या घेतो. माणसाच्या शरीरात शिरल्यावर तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी गाठतो. त्या पेशीत असलेले ॲक्टिन नावाचे प्रथिन वापरून तो स्वतःच्या मागे एक शेपटी उभारतो आणि तिच्या रेट्याने थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीबाहेर फारसे यावे लागत नसल्याने शरीराच्या पहारेकऱ्यांना तो सहज सापडत नाही. अस्तर जागोजागी दुखावले की रक्तवाहिन्या झिरपू लागतात. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेतल्या अशाच एका झिरपणाऱ्या बारीक वाहिनीची खूण असते. तेच फुप्फुसात, मेंदूत आणि मूत्रपिंडात घडू लागते तेव्हा रोगी गंभीर होतो. त्वचेवरचे ठिपके मोजून रोगाची तीव्रता ठरवता येत नाही, ती याचमुळे. जीव घेणारे ठिपके आत असतात.

चाव्यानंतर लक्षणे दिसायला साधारण तीन ते बारा दिवस लागतात. सुरुवात ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि मळमळ यांनी होते, म्हणजे ज्यावरून काहीच ठरवता येणार नाही अशा लक्षणांनी. पुरळ बहुधा तापाच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते; ते मनगट आणि घोट्यांपासून सुरू होऊन धडाकडे सरकते, आणि तळहात-तळपायांवरही येते. तळहातांवर पुरळ येणारे ताप मोजकेच असल्यामुळे ही खूण फार मोलाची आहे. पण ती अनेकदा उशिरा दिसते, आणि काही रोग्यांना पुरळ येतच नाही. कोनोरी, आफ्रिकी आणि जॅपोनिका यांच्या तापात गोचीड चावला त्या जागी बहुधा काळी खपली धरते. रिकेट्सीच्या तापात ती सहसा दिसत नाही. सर्वांत घातक जंतूच सर्वांत कमी खुणा ठेवतो, असा हा मामला आहे.

औषध मात्र स्वस्त, जुने आणि परिणामकारक आहे. डॉक्सिसायक्लिन हे ते प्रतिजैविक. प्रतिजैविके येण्याआधी साऱ्या अमेरिकेचा विचार केला तर या तापाने सुमारे पाचातला एक रोगी दगावत असे. आज मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले आहे, पण उपचार आजाराच्या पाचव्या दिवसानंतर सुरू झाले तर ते झपाट्याने वाढते. म्हणून संशय येताच, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता औषध सुरू करावे, असा वैद्यकीय संस्थांचा स्पष्ट सल्ला आहे. लहान मुलांच्या बाबतीत अनेक डॉक्टर कचरत, कारण या वर्गातल्या जुन्या औषधांनी मुलांचे दात कायमचे पिवळे पडत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लहानपणी डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या ५८ मुलांचे दात ते न घेतलेल्या २१३ मुलांच्या दातांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा फरक आढळला नाही. दातांच्या भीतीने जिवावर बेतू देणे किती महागात पडत होते, याचा विचार केला तर हा छोटासा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो.

तपासणीची वाट का पाहायची नाही, हेही नीट समजून घ्यायला हवे. आजाराच्या पहिल्या आठवड्यात हे जंतू वाहिन्यांच्या भिंतींत असतात, वाहत्या रक्तात फार थोडे. त्यामुळे रक्ताची पीसीआर चाचणी नकारात्मक आली म्हणजे रोग नाही असे होत नाही. खपलीचा किंवा पुरळ आलेल्या त्वचेचा नमुना अधिक उपयोगी ठरतो. रक्तातली प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून एक नमुना आजारपणात आणि दुसरा काही आठवड्यांनी घेऊन दोन्हींतली प्रतिपिंडे ताडून पाहायची आणि ती चौपट किंवा अधिक वाढली असतील तर निदान पक्के मानायचे, अशी पद्धत आहे. म्हणजे पक्के निदान हाती येते तेव्हा रोगी एकतर बरा झालेला असतो किंवा हयात नसतो. अनेक ठिकाणी अजूनही वापरली जाणारी वाइल-फेलिक्स चाचणी तर योगायोगावर उभी आहे: रिकेट्सियाविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडे प्रोटियस नावाच्या, या रोगाशी काही संबंध नसलेल्या जिवाणूलाही चिकटतात, हे १९१६ मध्ये लक्षात आले आणि त्यावरून चाचणी बेतली गेली. ती स्वस्त आहे, पण तिच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

प्रतिपिंडांची आणखी एक अडचण आहे. कुटुंबातल्या एका जंतूविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या जंतूलाही प्रतिसाद देतात, त्यामुळे ताप नेमका कोणत्या रिकेट्सियाचा, हे त्यांच्यावरून सहसा ठरत नाही. ‘रिकेट्सिया पार्केरी’ हा जंतू १९३० च्या दशकातच अमेरिकेच्या दक्षिणेकडील गोचिडांत सापडला होता, पण तो माणसाला रोग करत नाही असे मानले जाई. त्याने आजारी पडलेल्या माणसाची पहिली खात्रीशीर नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत असे कितीतरी सौम्य रोगी रिकेट्सीच्या खात्यावर जमा झाले असणार.

आता अवघड प्रश्नाकडे, म्हणजे गोचिडाकडे वळू. गोचीड अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याला सहा पाय असतात. एकदा पोटभर रक्त प्यायल्यावर तो कात टाकतो आणि आठ पायांचा होतो. दुसऱ्यांदा रक्त पिऊन तो प्रौढ होतो, आणि प्रौढ मादी तिसऱ्यांदा फुगेपर्यंत रक्त पिऊन हजारो अंडी घालते व मरते. या रोगाचे वाहक असलेल्या बहुतेक जाती दर खेपेला वेगळा प्राणी धरतात. म्हणजे साऱ्या आयुष्यात गोचीड जेमतेम तीन वेळा जेवतो, आणि दोन जेवणांच्या मध्ये महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. रिकेट्सियाला राहायला याहून बरे घर मिळणे कठीण. पिल्लाच्या अंगातला जंतू कात टाकल्यावरही टिकतो, आणि मादीकडून अंड्यांत उतरतो. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तर मधल्या प्राण्यांची गरज केवळ जेवणापुरतीच उरेल. बराच काळ संशोधकांना तसेच वाटत होते.

गोचीड बाधित आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत आजही शिकवण्याजोगी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा एक चौकोन दोरीने गवतावरून हळूहळू ओढत न्यायचा. वाटसरूची वाट पाहत पुढचे पाय पसरून बसलेले गोचीड त्याला चिकटतात. दर काही पावलांनी कापड उलटवून ते चिमट्याने टिपून कुपीत टाकायचे. मग प्रयोगशाळेत जिवंत गोचिडाच्या एका पायाचे टोक कात्रीने कापायचे. त्या जखमेतून त्याच्या शरीरातल्या द्रवाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब बाहेर येतो. तो काचपट्टीवर टिपून विशिष्ट रंगांनी रंगवला की हिरवट पार्श्वभूमीवर रिकेट्सिया लालभडक काड्यांसारखे दिसतात. गोचीड मरत नाही; त्याला पुढच्या प्रयोगासाठी जिवंत ठेवता येते. ही रीत मोंटानातील हॅमिल्टन येथील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर यांनी रूढ केली. लाइम रोगाचा जंतू १९८२ मध्ये जगापुढे आणणारे ते हेच.

अशा तपासण्यांतून एक वेगळेच चित्र पुढे आले. अत्यंत धोकादायक मानल्या गेलेल्या प्रदेशांतही रिकेट्सी जंतू असलेले गोचीड फारच थोडे, बहुधा शंभरात एकाहूनही कमी सापडत. तो पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांतून उतरत असेल तर हे प्रमाण इतके कमी का? उत्तर असे की हा जंतू गोचिडालाही सोसत नाही. बाधित गोचीड अधिक संख्येने मरतात आणि बाधित मादीला अंडीही कमी होतात, असे प्रयोगांत दिसून आले. भाड्याने राहणाऱ्याने घराच्याच भिंती पोखराव्यात, असा हा प्रकार आहे. असा भाडेकरू एका घरात फार काळ टिकू शकत नाही. त्याला सतत नवी घरे लागतात. आफ्रिकी रिकेट्सियाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तो आपल्या गोचिडांना फारसा त्रास देत नाही, त्यामुळे काही ठिकाणी त्यांच्यातल्या बहुसंख्य गोचिडांत तो सापडतो, आणि त्याचा तापही तुलनेने सौम्य असतो.

प्राण्यांची भूमिका सुरू होते ती येथे. रिकेट्सी टिकून राहायचा तर असा प्राणी हवा, ज्याच्या रक्तात जंतू काही दिवस भरपूर राहतील, पण जो लगेच मरणार नाही, ज्याच्यावर गोचीड मोठ्या संख्येने चढतील आणि ज्याची वीण जलद असेल. या शेवटच्या अटीचे महत्त्व पटकन लक्षात येत नाही. एकदा बाधा होऊन गेलेला प्राणी प्रतिकारक्षम होतो आणि जंतूच्या कामाचा राहत नाही. म्हणून ज्यांना अजून बाधा झालेली नाही अशी पिल्ले सतत जन्माला यावी लागतात. रॉकी पर्वताच्या परिसरात ही गरज रानउंदीर आणि बिळांत राहणाऱ्या खारी भागवतात. माणूस मात्र या साखळीत कुठेच बसत नाही. त्याच्यापासून पुढे गोचिडांना जंतू मिळण्याचे प्रमाण नगण्य आहे. जंतूच्या दृष्टीने माणूस म्हणजे बंद गल्ली.

ब्राझीलमध्ये हेच काम कॅपिबारा करतो. हा जगातला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदराच्या गणातला प्राणी. वजन पन्नास किलोपर्यंत किंवा त्याहून अधिक, राहणी नदी-तळ्यांच्या काठी, कळपाने. साओ पाउलो राज्यातील संशोधकांनी कॅपिबारांना मुद्दाम बाधित करून पाहिले, तेव्हा ते वरकरणी निरोगी राहिले, पण काही दिवस त्यांच्या रक्तात इतके जंतू होते की त्यांच्यावर पोसलेले गोचीड बाधित झाले. त्या प्रदेशात उसाची लागवड वाढली तशी कॅपिबारांना आयते खाद्य मिळाले आणि त्यांचे कळप माणसांच्या वस्तीजवळ फोफावले. सगळे कॅपिबारा मारून टाकावेत, असे अशा वेळी सुचते. पण रिकाम्या झालेल्या जागी बाहेरून नवे कळप येतात, जे अजून बाधित न झाल्यामुळे जंतूसाठी अधिकच उपयोगी असतात. म्हणूनच तेथे मारण्यापेक्षा वीण रोखण्याच्या उपायांचा, उदाहरणार्थ नसबंदीचा, विचार झाला. प्राणी तेवढेच राहिले तरी नवी पिल्ले कमी झाल्याने साखळी तुटू शकते, हा विचार गणिती प्रारूपांतून पुढे आला आणि मला तो या साऱ्या संशोधनातला सर्वांत सुरेख वाटतो.

गायी, बैल, मेंढ्या, घोडे यांचे स्थान वेगळे आहे. ते सहसा आजारी पडत नाहीत, पण गोचिडांना पोसतात आणि एका जागेहून दुसरीकडे नेतात. बिटररूट खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरांना कीटकनाशक द्रावणाच्या टाक्यांतून सक्तीने बुडवून काढण्याची मोहीम झाली. शेतकऱ्यांना गुरे दूरवर हाकत न्यावी लागत, द्रावणाने जनावरांना इजा होई, आणि राग इतका वाढला की एक टाकी सुरुंगाने उडवण्यात आली. याच मोहिमेत काम करणारे सरकारी डॉक्टर थॉमस मॅक्लिंटिक १९१२ मध्ये ठिपक्यांच्या तापानेच मरण पावले.

उपाशी गोचिडाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९२० च्या दशकात रॉस्को स्पेन्सर आणि राल्फ पार्कर हे दोघे मोंटानात प्रयोग करत होते. हिवाळाभर उपाशी राहिलेले बाधित गोचीड वाटून त्यांचा अर्क गिनीपिगला टोचला, तर तो आजारी पडत नसे. उलट पुढे रोगापासून सुरक्षित राहत असे. त्याच गोचिडांना रक्त पाजून मग अर्क टोचला तर गिनीपिग मरत. म्हणजे उपाशी गोचिडात जंतू जणू झोपलेला असतो, आणि रक्ताची ऊब लागली की जागा होतो. यातूनच वाटलेल्या गोचिडांपासून लस तयार करण्यात आली आणि १९२४ मध्ये स्पेन्सर यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या लशीने आणि तिच्यानंतरच्या लशींनी पूर्ण संरक्षण मिळत नव्हते. आज बाजारात या तापावर लस नाही. जंतूच्या या झोपेचा व्यवहारातला अर्थ मात्र कायम राहिला. उपाशी गोचीड चिकटल्यावर रोग संक्रमित व्हायला सहसा काही तास जावे लागतात, म्हणून तो लवकर काढण्याला एवढे महत्त्व आहे. पण ब्राझीलमधील एका प्रयोगात, आधीच थोडे रक्त प्यालेला गोचीड दुसऱ्या प्राण्याला लावला तेव्हा दहा मिनिटांतही रोग संक्रमित झाला. कुत्र्याच्या अंगावरचा अर्धवट फुगलेला गोचीड उघड्या बोटांनी उपटणे किंवा नखांनी चिरडणे का टाळावे, ते यावरून कळेल. टोकदार चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ, एकसारखा ओढून काढावा. तेल लावणे, चटका देणे हे उपाय करू नयेत.

बिटररूटच्या दोन काठांचे उत्तरही अखेर गोचिडाच्या पोटातच सापडले. बर्गडॉर्फर आणि त्यांचे सहकारी पूर्व काठावरच्या गोचिडांचे अवयव उघडून पाहत होते, तेव्हा माद्यांची अंडाशये एका वेगळ्याच रिकेट्सियाने गच्च भरलेली दिसली. तो प्राण्यांना रोग करत नव्हता. शरीरद्रवात तो फारसा येत नाही, म्हणून पाय कापून काढलेल्या थेंबात तो दिसला नव्हता. हा जंतू आधीच ठाण मांडून बसला असेल तर मागाहून आलेला घातक रिकेट्सी गोचिडाच्या शरीरात शिरतो खरा, पण अंड्यांत उतरू शकत नाही. त्याची परंपरा त्या मादीपाशीच थांबते. त्यांनी हे १९८१ मध्ये मांडले, आणि या निरुपद्रवी जंतूला १९९७ मध्ये ‘रिकेट्सिया पीकॉकी’ हे नाव मिळाले. पूर्वेकडच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या वाचवले ते गोचिडाच्या अंडाशयात जागा अडवून बसलेल्या या भाडेकरूने.

आता कुत्र्याकडे येऊ, कारण तो या साखळीत दुहेरी भूमिका करतो. कुत्र्यालाही ठिपक्यांचा ताप होतो. ताप, अंग सुजणे, सांधे दुखणे, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव होणे, अशी लक्षणे दिसतात आणि तो मरूही शकतो. त्याच वेळी त्याच्या रक्तातून गोचिडांना जंतू मिळतात. तो माणसापेक्षा कितीतरी अधिक गोचीड अंगावर बाळगतो, त्यामुळे त्या परिसरात रोग आला असेल तर तो बहुधा आधी कुत्र्यात दिसतो. म्हणून घरातला कुत्रा तापाने आजारी आहे, हे डॉक्टरला सांगणे आणि मालकाला ताप आहे का, हे पशुवैद्याने विचारणे, या दोन्ही गोष्टी निदानाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत.

ॲरिझोना राज्याच्या पूर्वेकडील आदिवासी वस्त्यांमध्ये हे फार स्पष्टपणे दिसले. रिकेट्सी नेहमी ज्या गोचिडांबरोबर आढळतो, ते त्या कोरड्या भागात जवळपास नव्हतेच. तरीही २००२ ते २००४ या काळात तेथे १६ रोगी आढळले; त्यांतली १३ बारा वर्षांची किंवा त्याहून लहान मुले होती, आणि दोघांचा मृत्यू झाला. वाहक निघाला तो तपकिरी कुत्रा-गोचीड, जो जगभर सर्वत्र कुत्र्यांच्या अंगावर सापडतो आणि तोवर अमेरिकेत या रोगाचा महत्त्वाचा वाहक मानला जात नव्हता. तो लहानपणापासून अखेरपर्यंत कुत्र्यावरच जगू शकतो, आणि भिंतींच्या भेगांत, अंगणातल्या जुन्या गाद्यांखाली, ओसरीच्या फळ्यांमध्ये राहतो. रोग तेथे आधीपासूनच होता की नुकताच आला होता, हे माणसांच्या नोंदींतून कळेना. सुदैवाने १९९६ मध्ये वेगळ्याच कामासाठी घेतलेले त्या भागातल्या कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवलेले होते. त्यांत या गटाची प्रतिपिंडे तुरळक सापडली. साथीच्या काळातल्या कुत्र्यांच्या नमुन्यांत मात्र ती बहुसंख्य कुत्र्यांत होती. मधल्या काही वर्षांतच जंतूने तेथे बस्तान बसवले होते.

हा गोचीड एरवी माणसाला क्वचितच धरतो, मग मुलांना तो का चावला, या प्रश्नाचा एक धागा उष्णतेकडे जातो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दोन मोठ्या लाकडी पेट्या एका पारदर्शक नळीने जोडल्या, एका पेटीत कुत्रा आणि दुसरीत माणूस बसवला, आणि नळीत गोचीड सोडून ते वासावरून कोणाकडे सरकतात ते पाहिले. सुमारे २३ अंश सेल्सिअस तापमानात ते कुत्र्याकडे वळत. तापमान सुमारे ३८ अंशांवर नेले तेव्हा या गोचिडाच्या उष्ण प्रदेशातील प्रकाराने मोठ्या प्रमाणावर रोख बदलला आणि माणसाकडे मोर्चा वळवला.

ॲरिझोनात मग उपाय माणसांवर नव्हे, तर कुत्र्यांवर झाला. २०१२-१३ मध्ये एका वस्तीतल्या सुमारे ५०० घरांतील प्रत्येक कुत्र्याला अनेक महिने टिकणारा गोचीडनाशक पट्टा बांधला गेला, घरांभोवती ठरावीक अंतराने फवारणी झाली आणि कुत्री बांधून ठेवण्याचे व त्यांची नसबंदी करण्याचे प्रयत्न झाले. काही महिन्यांनी तेथे अंगावर गोचीड दिसणारी कुत्री सुमारे १ टक्का होती. ही मोहीम न झालेल्या शेजारच्या वस्तीत ती ६४ टक्के होती. पट्ट्याचे औषध काही महिन्यांत संपते, नवी पिल्ले पट्ट्याविना जन्माला येतात आणि भेगांतले गोचीड उपाशी वाट पाहू शकतात, त्यामुळे हे काम दर वर्षी नव्याने करावे लागते.